दुर्गव्वाचा कागद

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी शेजारच्या आमदारांना जिलेबीचा पाक कुठं चुकतो ते समजावून सांगत होतो. शुक्रवारची दुपार होती. अशासकीय कामकाजाची वेळ, म्हणजे अर्धं सभागृह आपापल्या गावच्या वाटेला लागलेलं. जे उरले होते त्यांतले निम्मे पेंगत होते. मी धडपडत उठलो, चष्मा लावला आणि टिपणीसांनी टाइप करून दिलेला कागद वाचला.

"अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीने मी खाणकामगार निवास संरक्षण विधेयक मांडण्याची परवानगी मागतो."

"अनुमती द्यावी असे ज्यांचे मत असेल त्यांनी होय म्हणावे."

सात-आठ जण होय म्हणाले. एक तर डोळे न उघडताच म्हणाला.

"मी विधेयक मांडतो."

"विधेयक पुरःस्थापित झाले आहे. पुढील विधेयक."

संपलं. मिनिटही लागलं नसेल. मी खाली बसलो तर शेजारी म्हणाले, "हां, मग पाकाचं काय म्हणत होता?"

आमदार व्हायच्या आधी मी मंडपवाला होतो. शेवाळे मंडप डेकोरेटर्स. तालुक्यातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळे दहावे-तेरावे माझ्या कापडाखाली झालेले. माणसं मला रंगाशेठ म्हणायची, निवडून आल्यावर साहेब म्हणायला लागली. सबंध आयुष्य दुसऱ्यांची स्टेजं उभारण्यात गेलं होतं. स्वतः स्टेजवर चढायला मिळालं आणि मग खाली उतरायची बुद्धीच होईना.

बाहेर लॉबीत टिपणीस उभे होते. हे माझे स्वीय सहायक. विधानमंडळाच्या सचिवालयात चौतीस वर्षं घासून निवृत्त झालेले, शर्टाची वरची गुंडीही लावणारे. या गृहस्थांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही.

"झाला की हो टिपणीस, कायदा!" मी म्हणालो.

"साहेब, मांडला गेलाय फक्त. आता चर्चेला यायचं तर चिठ्ठीत नंबर लागावा लागेल. नंबर लागला तर मंत्री उत्तर देतील आणि मागे घ्यायची विनंती करतील. मग सदस्य मागे घेतात."

"आणि नाही घेतलं तर?"

"मी चौतीस वर्षांत एकाचाही कायदा झालेला पाहिला नाही, साहेब. विधानसभेची मुदत संपली की तेही संपतं."

हे मला शुक्रवारी दुपारी चार वाजता सांगितलं गेलं होतं. तारीख-वार धरून सांगतोय, कारण पुढं पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्या वेळी मी नवा होतो, मला काय कळत होतं.

हे विधेयक ज्या बाईसाठी होतं तिचं नाव दुर्गव्वा अलकुंटे. आमच्या गावाबाहेर कोलतेशेठची दगडखाण होती. खाणीच्या कडेला अकरा झोपड्या होत्या. तीस वर्षं ही वडार मंडळी तिथं राहून दगड फोडत होती. दुर्गव्वाचा नवरा शिवाप्पा माझ्या ओळखीचा. आमच्याकडची जमीन खडकाळ, मांडवाचा खांब रोवायचा तर पहारीनं भोक पाडावं लागतं. त्या कामात शिवाप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या पहिल्या मांडवाची भोकं त्यानं पाडली होती. पुढं खाणीच्या धुळीनं त्याची छाती गेली. आता तो बाजेवर असायचा आणि चार शब्द बोलायला त्याला दोनदा थांबावं लागायचं.

खाणीतला दगड संपला. कोलतेशेठनं जमीन विकायला काढली आणि झोपड्या हलवायला कोर्टाचा हुकूमही मिळवला. माणूस अगदीच निर्दय होता असं नाही. त्यानं सांगितलं, महिनाअखेर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत अंगठा द्या आणि आपण होऊन निघा. प्रत्येक घराला पलीकडच्या माळावर अर्धा गुंठा जागा माझ्या खर्चानं नावावर करून देतो, वर पत्रे देतो. अंगठा दिला नाहीत तर शनिवारी मशीन येईल, मग जागाही नाही आणि पत्रेही नाहीत.

दुर्गव्वा माझ्याकडं आली ती हे सांगायला. "दादा, त्या माळाला पानी न्हाई, रस्ता न्हाई. ह्यास्नी बाजेवरनं दवाखान्यात कसं न्यायाचं? तुमी कायदा करता म्हनं ममईला. आमच्यासाटी बी एक करा की."

टिपणीसांनी दोन दिवसांत विधेयक लिहून दिलं होतं. दहा वर्षं राहिलेल्या खाणकामगाराला पर्यायी पक्कं घर दिल्याशिवाय हलवता येणार नाही, असं त्याचं एकूण म्हणणं.

शनिवारी सकाळी आम्ही गावी आलो. संपतनं, म्हणजे माझ्या कार्यकर्त्यानं, खाणीवर माझा सत्कार ठेवला होता. गाडी वळली तेव्हाच लांबून आमचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा मांडव ओळखू आला. माझ्याच गोदामातलं कापड, माझीच माणसं, माझ्याच खुर्च्या, आणि सत्कारही माझाच. हसू येण्यासारखं होतं, पण मला आलं नाही. मांडवाचा ताण बघत होतो मी. डावीकडचा कोपरा ढिला होता.

मग फलक दिसला. 'खाणकामगारांना हक्काचे घर देणारा कायदा केल्याबद्दल आमदार रंगनाथ शेवाळे यांचा जाहीर सत्कार.'

टिपणीस मागच्या सीटवरून पुढं वाकले. "साहेब, हे चुकीचं आहे. भाषणात दुरुस्त करा. पहिल्याच वाक्यात करा, नंतर अवघड होतं."

"करतो ना," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

हलगी वाजत होती. दुर्गव्वानं गळ्यात हार घातला. खाणीत फुलं कुठली, बायका पहाटे उठून तीन मैलांवरून झेंडू घेऊन आल्या होत्या. शिवाप्पाची बाज चौघांनी उचलून पुढं आणली होती. मी वाकलो तर त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा अजून दगडासारखा होता.

"रंगाशेठ," तो म्हणाला आणि थांबला. दम घेतला. "आता हितंच मरायला मिळंल. बास झालं."

मी माइकसमोर उभा राहिलो. पहिल्या वाक्यात सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर ती बाज, त्या बायका, पोरांच्या अंगावर धुतलेले कपडे. मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाला निराश करणं मला कधी जमलंच नाही. लग्नात नवरदेव पळून गेला तरी मी म्हणायचो, येईल, बसा, सरबत घ्या.

"कायदा तुमच्या पाठीशी आहे!" मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. टिपणीसांनी बुटांकडं बघितलं.

भाषण झाल्यावर दुर्गव्वा जवळ आली. "दादा, कायद्याचा कागूद हाय का? डोळ्यानं बगू द्या तरी."

पिशवीत छापील प्रत होती. मी दिली. तिनं ती उलटी धरली, मग संपतनं सरळ करून दिली. वर मोठ्या अक्षरांत विधेयकाचं नाव होतं.

"ह्यावर तुमची सही करून द्या. म्हंजी कुनी खोटं म्हनायला नको."

मी पेन काढलं. झोकात सही केली, खाली तारीख घातली.

"आनि येक इचारायचं हुतं," ती म्हणाली. आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "शेट म्हनतोय गुरवारपातूर अंगटा द्या. चार घरं भ्याल्याती. म्या काय सांगू त्यास्नी? देऊ द्या का नको?"

याहून सरळ प्रश्न मला पुढं पंधरा वर्षांच्या आमदारकीत कुणी विचारला नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. द्या. तो माळ कसाही असला तरी तेवढाच खरा होता, बाकी सगळं माझ्या पिशवीतला कागद. पण अंगठा द्या म्हटलं असतं तर फलक खोटा ठरला असता, हार खोटा, हलगी खोटी. गळ्यात झेंडूचा हार असताना ते बोलायचं कसं?

"घाई कशाला करता, आक्का?" मी म्हणालो. "कागद आहे ना तुमच्या हातात."

तिचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्याचं मी काय करू हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गाडीत टिपणीसांनी आधी काच वर केली. मग म्हणाले, "उद्या परत जाऊन सांगू या."

"उद्या नक्की."

रविवारी सकाळी वधू-वर मेळावा होता. अकराला सभामंडपाचं भूमिपूजन. बाराला माजी सरपंचांच्या आईचा दहावा, तो चुकवला तर तीन गावं हातची जातात. दुपारी टेनिस बॉल क्रिकेटचा अंतिम सामना, बक्षीस माझ्या हस्ते. मधे एक बारसं होतं. मी सहा नारळ फोडले, एका मुलीचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खाणीचा रस्ता आला तेव्हा गाडीत डोळे मिटून बसलो. सगळीकडं माणसं अभिनंदन करत होती. जिल्ह्याच्या पेपरात पहिल्या पानावर माझा हार घातलेला फोटो होता. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं होतं. दोन प्रती घरी ठेवून तिसरी मुंबईला घेऊन गेलो.

सोमवारी सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज चार वेळा तहकूब झालं. मंगळवारी पाणीटंचाईवर बोलायला मला तीन मिनिटं मिळाली. टिपणीस दोन्ही दिवस संध्याकाळी एकच वाक्य म्हणाले, "तो निरोप राहिलाय, साहेब."

"चिडल्यासारखं तोंड करू नका हो टिपणीस. अजून दिवस आहेत."

बुधवारी सकाळी आमदार निवासातल्या खोलीत फोन वाजला. टिपणीसांनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं.

"दुर्गव्वा आहे. गावातल्या टेलिफोन बूथवरून बोलतेय. दोन घरं आज अंगठा द्यायला निघालीत. विचारतेय, त्यांना अडवू ना?"

मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस. आरशातून हात हलवला, मी इथं नाही म्हणून सांगा.

टिपणीस तसेच उभे राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, "साहेब सभागृहात गेलेत." सकाळचे साडेआठ वाजले होते. फोन ठेवून ते म्हणाले, "मी सांगू का तिला? माझ्या तोंडानं सांगतो. तुमचं नाव कुठं येणार नाही."

"तुम्ही नका सांगू. तुमचं बोलणं कोरडं असतं, ती घाबरेल. मी नीट समजावून सांगेन."

"कधी?"

"टिपणीस, मी दाढी करतोय."

त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

गुरुवारी मात्र मला पहाटेच जाग आली. दहा वाजता मी संपतला मोबाइल लावला. "आत्ताच्या आत्ता खाणीवर जा. दुर्गव्वाला सांग, सगळ्यांनी सहाच्या आत अंगठा द्या. मी सांगितलंय म्हणून सांग."

"पण साहेब, कायदा..."

"अरे कायदा नाही झाला अजून! जा तू!"

इतकं सोपं होतं ते. आठ शब्दसुद्धा लागले नाहीत. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की कँटीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

एक वाजता संपतचा फोन आला.

"न्हाई ऐकत साहेब ती."

"म्हणजे?"

"म्हनती, तू शेटचा मानूस. माजे दोन ट्रॅक्टर हायेत ना कोलतेशेटकडं लावलेले, तेच काढलं तिनं. म्हनली, तुला शेटनं पाटीवलाय. दादांनी सवताच्या हातानं मला कागूद दिलाय, त्यावर सही हाय. त्यो सही करून येक सांगंल आनि तुज्या तोंडून दुसरं सांगंल व्हय? ल्यामिनेशन करून आनलाय तिनं त्यो कागद. माज्या तोंडाफुडं धरला."

"तिला फोनवर आण!"

"आनाया बगितली. येत न्हाई म्हनती. काल सकाळी फोन केला तर तुमी सभागृहात हुता म्हनं, आन आता दुपारी बरं मोकळं झालात. फोनवर कुनीबी साहेबाचा आवाज काडतंय, म्हनली. आनि साहेब, त्या दोन घरांस्नी बी तिनं काल परत फिरवलंय."

मी घड्याळ बघितलं. गावाला पोचायला चार तास. निघालो असतो तर पाचला खाणीवर असतो. माझ्या तोंडून ऐकल्यावर ती नाही म्हणाली नसती. पण त्या दिवशी अर्थसंकल्पीय मागण्यांवर मतदान होतं आणि पक्षाचा व्हिप होता, गैरहजर राहिलो तर आमदारकी जायची.

टिपणीस म्हणाले, "जा साहेब. सरकारकडं चाळीसची आघाडी आहे. परवानगी मागा, देतील."

मी परवानगी मागितली नाही. कुणाकडं जाऊन काय सांगू? की मी एका बाईला खोटा कायदा देऊन आलोय आणि आता तो परत घ्यायला जायचंय? मतदान साडेचारला झालं. आवाजी. सगळ्यांनी एकदम होय म्हटलं, कुणी डोकी मोजलीही नाहीत.

सहा वाजता मी बाकावरच बसून होतो.

शुक्रवारी सकाळी कोलतेशेठला फोन केला. दोन दिवस द्या म्हणालो, हवं तर पाया पडतो म्हणालो. तो शांतपणे हसला.

"रंगाशेठ, व्यवहार काल संध्याकाळी झाला. माळसुद्धा त्यातच गेला. आणि तुम्ही कायदा केलाय म्हणे. पेपरात वाचला की मी. मग मी कशाला कुणाला जागा देऊ?"

शनिवारी मी गेलो. टिपणीस सोबत आले. सत्काराचा मांडव अजून उभाच होता, पोरांनी उतरवायचा आळस केला होता. त्याच्यापलीकडं पिवळं मशीन, चार पोलीस आणि कोर्टाचा बेलीफ. निवृत्तीला आलेला, जाड भिंगांचा साधा माणूस. दुर्गव्वा त्याच्यासमोर उभी होती आणि तो कागद तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मला बघून तिनं मोठ्यानं सांगितलं, "आले बगा! आता त्यास्नीच इचारा!"

बेलीफनं कागद घेतला. उन्हात चमकत होता म्हणून सावलीत धरला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळा वाचला. मग माझ्याकडं आला.

"साहेब, सही आपली?"

"हो."

"हे लागू झालंय का? झालं असेल तर तसं सांगा. मी मशीन थांबवतो आणि कोर्टाला लिहून देतो. मला काय हौस नाही."

सगळे माझ्याकडं बघत होते. अकरा घरं. बाजेवरचा शिवाप्पासुद्धा कोपरावर उठला होता.

"नाही," मी म्हणालो. "लागू नाही."

"काय म्हनलं दादा?" दुर्गव्वानं विचारलं. तिला ऐकू आलं होतं.

बेलीफनं कागद तिच्या हातात परत दिला. आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हणाला, "आजी, हा कायदा नाही. कायदा करा म्हणून दिलेला अर्ज आहे हा."

ती आधी हसली. थट्टा वाटली तिला. मग माझ्याकडं बघितलं आणि हसणं हळूहळू गेलं.

"अर्ज?" ती म्हणाली. "दादा, अर्ज तर आमी घिऊन आलो हुतो तुमच्याकडं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून यल्लाप्पा पुढं आला. बुधवारी अंगठा द्यायला निघालेल्या दोन घरांतलं एक त्याचं. मला वाटलं माझ्या अंगावर येतोय. मी मनातून तयारही झालो होतो, चार थोबाडीत बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो दुर्गव्वासमोर जाऊन उभा राहिला.

"तू अडवलंस आमास्नी," तो म्हणाला. "जागा गेली, पत्रं गेलं. तुज्या कागदापायी."

बायकाही ओरडायला लागल्या, तिच्यावर. माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. आमदारावर कोण ओरडणार? मी म्हणालो, "अरे तिची चूक नाही, माझी..." पण मशीन सुरू झालं होतं आणि मी काही फार मोठ्यानं म्हणालो नव्हतो. दुर्गव्वा शिवाप्पाच्या बाजेची दोरी घट्ट धरून उभी राहिली, जणू त्यालाही पाडायला आले होते.

तासाभरात अकराही झोपड्या खाली आल्या.

माझ्याकडं द्यायला एकच गोष्ट होती. पोरांना सांगून तो सत्काराचा मांडव उतरवला आणि रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यात पुन्हा उभारून दिला. अकरा घरं त्याखाली बसली. खांबांची भोकं पाडायला त्या दिवशी कुणी उठलं नाही, ती माझ्या माणसांनीच पाडली. वाकडी पाडली.

चैत्र-वैशाखाचं ऊन त्या कापडातून थेट आत येतं. मंडपवाल्याला ते माहीत असतं, म्हणून लग्नात आम्ही वर दुसरा पदर देतो. मी दुसरा पदर पाठवला, पण शिवाप्पाला त्याचा उपयोग झाला नाही. मेच्या मध्यावर एका दुपारी तो त्या लाल-पिवळ्या उजेडात गेला. तालुक्यातला एकही दहावा न चुकवणारा मी, त्या दहाव्याला गेलो नाही. गाडी काढली होती. वळणावरूनच परत फिरवली.

टिपणीसांनी अधिवेशन संपताच राजीनामा दिला. कारण लिहिलं, प्रकृती. विधेयकाचा नंबर चिठ्ठीत कधी लागला नाही आणि पुढं विधानसभेची मुदत संपल्यावर तेही संपलं. मी दुप्पट मताधिक्यानं निवडून आलो. प्रचाराच्या पत्रकात तो हाराचा फोटो होता. संपतनं छापला आणि मी छापू दिला.

पण त्या आधी, जूनच्या सुरुवातीला, एका सकाळी मी गोदामावर बसलो होतो. फाटकातून दुर्गव्वा आत आली. डोक्यावर मोठं गाठोडं होतं. तिनं ते माझ्यासमोर उतरवलं आणि सोडलं. मांडवाचं कापड. ओढ्यावर नेऊन धुतलेलं, घडी घातलेलं. जिथं फाटलं होतं तिथं जाड दोऱ्यानं टाके घातलेले.

"तुमचा मांडव," ती म्हणाली. "समदी पांगली. कुनी तिकडं सोलापूरकडं गेली, कुनी कुटं. म्याबी जाते आता भावाकडं."

"आक्का, ठेवायचं होतं. मी काय परत मागितलं होतं?"

"ठिवून काय करू? सावली करायची त्यो मानूस न्हाई ऱ्हायला."

मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. कापडाच्या वरच्या घडीत तिनं हात घातला आणि तो कागद काढला. लॅमिनेशनच्या आत सही जशीच्या तशी होती, तारखेसकट. तिनं तो कापडावर ठेवला.

"ह्यो बी तुमचाच हाय."

"आक्का," मी म्हणालो. "त्या दिवशी तू मला विचारलंस तेव्हा मी..."

"दादा," तिनं मला थांबवलं. आवाजात राग नव्हता. असता तर आज मी हे सांगत बसलो नसतो. "मला वाचाया येत न्हवतं. तुमास्नी येत हुतं."

डोक्यावरचा पदर नीट करून ती फाटकाकडं चालायला लागली.